तंत्रे चार, कागद एकच

पत्राचा सारांश: शेहेचाळीस वर्षांच्या एक वाचक गेली बारा वर्षे घरी क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीची, भेटकार्डे बनवतात. दिवाळी, संक्रांत, बारसे, वाढदिवस अशा निमित्तांनी ती नातेवाइकांना आणि मैत्रिणींना पोस्टाने जातात. वर्षभरापूर्वी त्यांना वाटू लागले की आपण तीच ती फुले करत राहिलो आहोत. म्हणून व्हिडिओ पाहून त्यांनी जलरंग, मार्बलिंग (पाण्यावर तरंगणारे रंग कागदावर उचलणे), हीट एम्बॉसिंग (पावडर वितळवून उठावदार नक्षी करणे) आणि पॉप-अप (कार्ड उघडताच आतून उभी राहणारी रचना) ही चार तंत्रे एकापाठोपाठ हाती घेतली. या दिवाळीची कार्डे मात्र बिघडली. जलरंगाने कागदाला लाटा आल्या, मार्बलिंगचा रंग हाताला लागत राहिला, एम्बॉसिंगच्या पावडरचे कण नको तिथे चिकटले आणि पॉप-अपच्या घड्या तडकल्या. कार्डे उशिरा पोहोचली. जाऊबाई म्हणाल्या, 'तुमची आधीचीच कार्डे छान होती.' कपाटातल्या सामानाच्या खर्चावरून घरात विचारणा होऊ लागली आहे. आता संक्रांतीला तीस कार्डे पाठवायची आहेत. त्या विचारतात: या वयात हात नव्या कामाला वळत नाही का? क्लास लावावा, की साच्याने कागदाचे आकार कापणारे डाय-कटिंगचे यंत्र घ्यावे? की हे सगळे सोडून क्विलिंगवरच थांबावे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. चारही तंत्रांबद्दल तुम्ही भरभरून लिहिले आहे. शाई कोणती, पावडर कोणत्या रंगाची, ब्रश किती नंबरचा, सगळे त्यात आहे. कागदाबद्दल मात्र एवढेच आहे: 'कार्डशीट आपली नेहमीचीच, गुळगुळीत आयव्हरी, गठ्ठ्याने आणून ठेवलेली.' माझ्या मते तुमच्या अडचणीचे मूळ इथे आहे. वर्षभरात तुम्ही चार तंत्रे घेतलीत, आणि ती चारही एकाच कागदावर करून पाहिलीत. भाकरीच्या पिठाची पोळी लाटायला घेतली, तर लाटणे बदलून ती लाटली जात नाही.

क्विलिंग खालच्या कागदाकडून फार थोडे मागते. गुंडाळ्या बाजूला तयार होतात, डिंकाच्या एखाद्या थेंबाने चिकटतात आणि खालचा कागद केवळ त्यांना धरून ठेवतो. बारा वर्षे अशा कामात गेल्यावर कागदाचा विचार करायची सवय राहत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. नवी तंत्रे नेमका त्याचाच विचार करायला लावतात. तुमच्या चारही तक्रारी म्हणूनच पुन्हा एकदा, कागदाच्या बाजूने, पाहू या; हात वळत नाही असे तुम्हाला वाटते त्याचे बरेचसे उत्तर त्यातच मिळेल.

जलरंगाने येणाऱ्या लाटांचे कारण साधे आहे. कागदाचे तंतू पाणी प्याले की जाडीला फुगतात, लांबीला जवळजवळ वाढत नाहीत. जिथे ओले झाले तिथे कागद पसरतो, शेजारचा कोरडा भाग आहे तिथेच राहतो आणि मधल्या ताणातून लाट उठते. जलरंगासाठी केलेला कागद जाड असतो, बहुधा ३०० जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन ३०० ग्रॅम भरेल असा, आणि पाणी एकदम आत शिरू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते. असा कागद महाग पडतो, हे खरे. पण संपूर्ण कार्ड त्याचेच करण्याची गरज नाही. जलरंगाचे काम त्याच्या छोट्या तुकड्यावर करावे, पूर्ण वाळल्यावर दोन वह्यांमध्ये रात्रभर दाबून ठेवावे, आणि मग कापून नेहमीच्या कार्डावर चिकटवावे. चिकटवताना पांढरा फेव्हिकॉल सगळीकडे फासला तर लाटांचा तोच खेळ पुन्हा सुरू होतो, कारण त्यातही पाणी आहे. मोठ्या तुकड्याला दुहेरी टेप लावावी आणि फेव्हिकॉल लहान ठिपक्यांपुरता राखावा.

तुम्ही पुण्याच्या आसपास असाल किंवा तिकडे जाणे-येणे असेल, तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एकदा जाऊन या. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद हातात घेऊन पाहिला की गिरणीच्या कार्डशीटपेक्षा तो किती वेगळा वागतो, हे बोटांनाच कळते. मात्र प्रत्येक हातकागद जलरंगाला चालेलच असे नाही. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो तसाच उभा राहिला तर खळ पुरेशी आहे, टिपकागदासारखा लगेच शोषला गेला तर त्यावर रंग फुटणार.

आता घडी. तडकलेल्या घडीबद्दल तुम्ही सर्वांत जास्त वाईट वाटून लिहिले आहे, कारण कार्ड पूर्ण झाल्यावर शेवटी ते घडले. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने आडवे होतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती गुळगुळीत बसते. तंतूंना छेदून घातली तर वरचा थर तुटतो आणि घडीवर पांढरे, खरखरीत तोंड उघडते. दिशा ओळखायला काही विकत आणावे लागत नाही. ताव दोन्ही हातांत धरून न मोडता हलकेच वाकवा, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने. ज्या बाजूने तो सहज, फारशी ताकद न लावता वाकतो, त्या घडीची रेघ तंतूंना समांतर असते. खात्री वाटली नाही तर कडेचा चौकोनी तुकडा एका अंगाने ओला करा. तो आपोआप नळीसारखा वळेल आणि त्या नळीची लांबी तंतूंची दिशा दाखवेल. एका गठ्ठ्यातल्या तावांची दिशा बहुधा सारखीच असते, त्यामुळे एकदा पाहून गठ्ठ्यावर पेन्सिलीने बाण काढून ठेवला की पुरते.

दिशा कळल्यावरही जाड कागद नुसत्या बोटांनी दुमडू नये. स्टीलच्या पट्टीलगत, संपलेल्या बॉलपेनने किंवा बोथट टोकाच्या विणकामाच्या सुईने आधी रेघ दाबून घ्यावी. ती कार्डाच्या बाहेरच्या अंगाने दाबावी, म्हणजे आत उमटलेला उंचवटा घडीच्या पोटात जातो आणि बाहेरच्या थरावर ताण कमी येतो. छपाईच्या व्यवसायात पुठ्ठ्याच्या घड्या अशाच घालतात. पॉप-अपच्या आतल्या पायऱ्या आणि पट्ट्या कार्डाइतक्या जाड कागदाच्या नसाव्यात. १६० ते २०० जीएसएमचा कागद तिथे उभाही राहतो आणि पुन्हापुन्हा उघडझाप केल्यावर मोडतही नाही.

एम्बॉसिंगमध्ये कागदाइतकाच हवेचाही भाग आहे. ही पावडर म्हणजे उष्णतेने वितळणारे राळेसारखे बारीक कण असतात. ओल्या शाईवर ते चिकटतात, गरम हवेने वितळून एकजीव होतात आणि थंड झाल्यावर उठावदार, चकचकीत रेघ राहते. शाई लवकर वाळणारी असेल तर पावडर पडेपर्यंत ती सुकलेली असते. म्हणून सावकाश वाळणारी पिगमेंट शाई किंवा एम्बॉसिंगचीच पारदर्शक शाई लागते. हे तुम्ही बरोबर केले आहे. कण नको तिथे चिकटतात ते दोन कारणांनी: कागदात मुरलेला दमटपणा आणि बोटांचे तेल. ठसा मारण्याआधी कागदावर टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी हलकेच फिरवून झटकून टाकावी. जादा पावडर ओतून घेतल्यावर, हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे अवजार) सुरू करण्यापूर्वी, कोरड्या बारीक ब्रशने चुकार कण उचलावेत. एकदा वितळले की ते निघत नाहीत, आणि घाई नेमकी याच टप्प्यावर होते.

हीट गन आधी काही क्षण दुसरीकडे धरून तापवून घ्या आणि मग कागदाजवळ आणा. पावडर मंद, दाणेदार दिसत असते. वितळताना तिच्यावर एकदम ओलसर झळाळी येते आणि ती एका टोकापासून पुढे सरकत जाते. झळाळी आली की लगेच पुढे सरकावे. तिथेच रेंगाळले तर राळ कागदात मुरते, उठाव बसतो आणि चमक जाते. तुमच्या फोटोतले तिसरे कार्ड, ज्याची सोनेरी वेल मातकट दिसते, ते याच कारणाने बिघडले असावे. पत्रात तुम्ही विचारले आहे की केसांच्या ड्रायरने हे होईल का. ड्रायरचा झोत जोराचा आणि उष्णता कमी असते, त्यामुळे पावडर वितळण्याआधी उडून जाते. हीट गन तुमच्याकडे आहे, ती चांगली वस्तू आहे. ती कपाटात ठेवू नका.

मार्बलिंगचा रंग हाताला लागला, कारण पाण्यात मिसळणारे रंग कागदावर नुसते टेकतात, त्यांना धरून ठेवणारे काहीतरी लागते. पूर्वापार हे काम तुरटी करते. साधारण एक मोठा चमचा तुरटीची पूड पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून स्पंजाने कागदावर पुसावी, कागद वाळवावा आणि लवकरच वापरावा. तुरटीत आम्लता असल्याने असा कागद महिनोन्‌महिने साठवला तर तो हळूहळू ठिसूळ होतो. घोटून गुळगुळीत केलेल्या आयव्हरीपेक्षा थोडा खरखरीत, न घोटलेला कागद इथे बरा. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टर्पेंटाइनमध्ये सैल केलेला ऑइल पेंट परातभर पाण्यावर सोडून जे केले, त्याला तुरटी लागत नाही. पण तो रंग वाळायला वेळ घेतो, आणि दोन दिवस थांबायची तयारी नसेल तर तोही हाताला लागतोच.

मार्बलिंगचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नवे तंत्र म्हणजे परदेशातून आलेले, व्हिडिओत दिसणारे, असे आपण गृहीत धरतो. तुर्कस्तानातली एब्रू ही मार्बलिंगची परंपरा प्रसिद्ध आहे आणि २०१४ साली युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थानही दिले. पण आपल्याच दख्खनमध्ये, विजापूरच्या आदिलशाहीत, सतराव्या शतकात अब्री, म्हणजे मार्बलिंगच्याच, पद्धतीने चित्रे होत होती, आणि त्यात संपूर्ण कागद रंगवण्यापेक्षा कितीतरी सूक्ष्म काम असे. चित्रातला काही भाग झाकून, फक्त घोड्याचे किंवा माणसाचे अंग मार्बलिंगने भरायचे आणि बाकीचा कागद मोकळा ठेवायचा. हाडे दिसणाऱ्या घोड्याची अशी चित्रे आजही संग्रहालयांत आहेत. तुमच्या कामासाठी यातली कल्पना सरळ उचलण्यासारखी आहे: पूर्ण कार्ड रंगांनी भरण्याऐवजी कागदी स्टेन्सिलने एक पतंग, एक पणती किंवा एखादे पान तेवढे मोकळे ठेवून तिथेच मार्बलिंग घ्या. कोरा कागद भोवती असला की छोटासा रंगही उठून दिसतो, आणि बिघडला तर एक तुकडा बिघडतो, संपूर्ण कार्ड वाया जात नाही.

इतके लिहिल्यावर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे झाले. चिमट्याने तीन मिलिमीटरच्या पट्टीची गुंडाळी धरून ती रेघेवर बसवणारा हात नव्या कामाला वळत नाही, असे मी मानत नाही. वयाने बदलते ती जवळची नजर, आणि त्यासाठी चष्म्याचा योग्य नंबर आणि डाव्या बाजूने येणारा प्रकाश पुरतो. डावखुऱ्या असाल तर उजव्या बाजूने.

माझे म्हणणे दुसऱ्याच गोष्टीविषयी आहे. तुम्ही शिकलात ते पाठवायच्या कार्डांवर. दिवाळी आठवड्यावर आली असताना, पाकिटावर पत्ता आधीच लिहून झालेल्या कार्डावर, तुम्ही पहिल्यांदा पावडर टाकलीत. शिकताना हात चुकणार, हे ठरलेले आहे. पण त्या कार्डावर चुकणे परवडणारे नव्हते, म्हणून प्रत्येक चूक तुम्हाला अपयशासारखी वाटली. सराव आणि पाठवायचे कार्ड ही दोन कामे वेगळी ठेवली पाहिजेत, वेगळ्या दिवशी केली पाहिजेत आणि शक्य असेल तर वेगळ्या जागी. सरावासाठी एक जुनी वही घ्या. तिच्या पानांवर पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे चिकटवत जा आणि प्रत्येकाखाली लिहा: कागद कोणता, शाई कोणती, डिंक कोणता, हवा कोरडी होती की पावसाळी, आणि काय झाले. चांगल्या जमलेल्या तुकड्यांपेक्षा बिघडलेल्या तुकड्यांखालचे लिखाण पुढे जास्त उपयोगी पडते. या वहीतला तुकडा कुणाला पाठवायचा नसतो, त्यामुळे तो सुंदर असण्याचे ओझेही त्याच्यावर नसते.

तेव्हा चार तंत्रे एका वर्षात, हा हिशेब सोडून द्या. एका हंगामाला एक पुरे. तुमच्या पत्रातल्या चारांपैकी मी एम्बॉसिंग निवडेन, कारण ते क्विलिंगसारखेच कोरडे काम आहे, त्याला पाणी पेलणारा कागद लागत नाही, अवजार घरात आहे, आणि एकच ठसा तीस वेळा उमटवता येतो. पावसाळ्यात ते करायला घेऊ नका. कोरडी हवा सुरू झाली आहे, हाच त्याचा काळ.

जाऊबाईंच्या वाक्याने तुम्ही दुखावल्या आहात, आणि ते समजण्यासारखे आहे. वर्षभराची धडपड एका वाक्यात मोडीत निघाल्यासारखी वाटली असेल. पण त्या वाक्याचा अर्थ 'तुम्ही नवीन काही करू नका' असाच घ्यायला हवा, असे मला वाटत नाही. जुनी कार्डे नीटनेटकी आणि पूर्ण झालेली होती. या वर्षीची घाईत सुटलेली होती. पाहणाऱ्याला तंत्र दिसत नाही, पूर्णता दिसते. शिवाय त्यांना तुमची आधीची कार्डे आठवतात, म्हणजे त्या ती जपून पाहत आल्या आहेत. पुढच्या भेटीत त्यांनाच विचारा, कोणते कार्ड आवडले होते आणि त्यातले नेमके काय. उत्तर कदाचित फुलांबद्दल नसेलही. आत लिहिलेल्या चार ओळींबद्दल असेल. ज्यांना कार्ड जायचे, त्यांच्याकडून असे कळले तर पुढे काय शिकायचे हे ठरवायला ते व्हिडिओंपेक्षा जास्त कामाचे आहे.

क्विलिंगवर 'थांबणे' असे तुम्ही लिहिले आहे, त्याबद्दलही थोडे. बारा वर्षे तुम्ही क्विलिंगमध्ये फुले केलीत, क्विलिंग संपवले नाही. कंगव्याच्या दातांत पट्टी गुंफून होणारी पाने, टाचण्यांभोवती पट्टी फिरवून केलेल्या पाकळ्या, नुसत्या कडेवर उभ्या पट्टीने लिहिलेले नाव, दीड मिलिमीटरच्या बारीक पट्टीची जाळी: हे सगळे त्याच अवजारांनी होते, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. विशेषतः नावाचे काम करून पाहा. देवनागरीची शिरोरेघ ही एक सरळ उभी पट्टी असते, तिच्याखाली अक्षरे लोंबतात आणि संपूर्ण नावाला ती आपोआप बांधून ठेवते; सुट्या अक्षरांच्या लिपीत प्रत्येक अक्षर वेगळे सांभाळावे लागते. ज्याला कार्ड मिळेल, त्याला स्वतःचे नाव कागदात उभे राहिलेले दिसेल. यासारखे नवेपण विकत आणावे लागत नाही.

आता यंत्राचे. डाय-कटिंगचे यंत्र चांगलेच असते, पण ते काही हजार रुपयांचे, आणि खरा खर्च त्यानंतर सुरू होतो, कारण प्रत्येक आकाराला वेगळा साचा लागतो. एकच आकार शेकड्याने कापायचा असेल, कार्डे विकायची असतील, तर त्याचा उपयोग आहे. तुम्ही वर्षाला जेवढी कार्डे करता, त्यांना कात्री, पुढचे टोक मोडून नवे करता येणारा कटर आणि जाड पुठ्ठ्याचे स्टेन्सिल पुरतात. कटरचे पाते मात्र वेळेवर मोडत जा, बोथट पाते कागद फाडते. यंत्राचा निर्णय पुढच्या दिवाळीपर्यंत मागे ठेवा. तोवर 'हा आकार मला पुन्हा पुन्हा लागला' अशी नोंद सरावाच्या वहीत किती वेळा होते ते पाहा. नोंदी फारशा नसतील, तर घरातला प्रश्नही मिटेल आणि तुमचाही.

खर्चाच्या विचारणेबद्दल इतकेच सुचवते की ती टाळू नका. आजवर आणलेल्या सामानाची यादी करा, त्यातले येत्या सहा महिन्यांत लागणार नाही ते एखाद्या शाळेला किंवा शेजारच्या मुलांना देऊन टाका, आणि दर महिन्याला या छंदासाठी ठरावीक रक्कम स्वतःच ठरवून घ्या. सुटे सामान लागलेच, तर पुण्यातली बोहरी आळी किंवा मुंबईतला अब्दुल रेहमान स्ट्रीट इथे ते वाजवी दरात मिळते. तिथे यादी घेऊनच जावे, कारण नुसते पाहायला गेले की कपाट पुन्हा भरते.

क्लास लावायचा असेल तर एका दिवसात पाच तंत्रे दाखवणारा टाळा. तसे वर्ष तुमचे नुकतेच होऊन गेले आहे. एकच तंत्र शिकवणारा, आपला कागद घेऊन येऊ देणारा आणि तुमचा हात चालताना शेजारी उभे राहून पाहणारा शिक्षक मिळाला, तर दोन-तीन तासही पुष्कळ. व्हिडिओ सगळे दाखवतो, पण तुम्ही हीट गन किती जवळ धरली आहे ते त्याला दिसत नाही.

राहिली संक्रांतीची तीस कार्डे. ती प्रत्येक वेगळी असावीत, असे तुमच्या पत्रातून जाणवते, आणि दिवाळीला उशीर होण्याचे तेही एक कारण असणार. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी नाताळचे पहिले छापील भेटकार्ड काढले, तेव्हा जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्या चित्राच्या रेषा शिळाछापावर छापून घेतल्या आणि रंग हाताने भरले. काय एकसारखे ठेवायचे आणि कशाला हात लावायचा, याची ती वाटणी आजही उपयोगी आहे. तुमच्या तीस कार्डांत कागद, घडी आणि एम्बॉसिंगची नक्षी एकच ठेवा. क्विलिंगचा एक छोटा भाग आणि आतला मजकूर मात्र प्रत्येकासाठी वेगळा करा.

कल्पनाही सुचवते, आवडली तर घ्या. संक्रांतीचा रंग काळा, आणि हलवा पांढरा. काळ्या कार्डशीटवर पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने एम्बॉसिंगच्या शाईचे ठिपके उमटवावेत, त्यांवर पांढरी पावडर टाकून वितळवावी, म्हणजे हलव्याच्या दाण्यांची उठावदार माळ तयार होते. वेगळा ठसा आणावा लागत नाही. मधोमध पांढऱ्या पट्टीच्या घट्ट गुंडाळ्यांचा एक दागिना करा: कुणाला बाजूबंद, कुणाला मंगळसूत्र, बोरन्हाण असलेल्या बाळाला मुकुट. ज्या घरात संक्रांत साजरी होणार नाही, तिथे पतंग द्या. काळा कागद घेताना दुकानातच एक कोपरा फाडून पाहा. काही कागद फक्त वरून काळे असतात आणि घडीवर आतला पांढरा गाभा उघडा पडतो. आरपार काळा असेल तोच घ्या. काळ्यावर फेव्हिकॉल सांडला तर वाळून चकाकतो, म्हणून तो दातकोरणीच्या टोकाने लावावा. मजकूर पांढऱ्या जेल पेनने लिहा, किंवा आत पांढरा पातळ कागद चिकटवून त्यावर नेहमीच्या शाईने लिहा. वयस्कर मंडळींना दुसरा पर्याय वाचायला सोपा जातो.

तिळगूळ किंवा तीळ थेट कार्डावर चिकटवायचा मोह टाळा. तिळाचे तेल एक-दोन दिवसांत कागदावर डाग पाडते आणि हलव्याला ओल सुटली की मुंग्या लागतात. पाठवायचाच असेल तर बटर पेपरच्या छोट्या पुडीत, पाकिटात कार्डाशेजारी ठेवा.

डिसेंबरचे पहिले दोन आठवडे फक्त सरावाच्या वहीचे. त्यानंतर सर्व तीस कार्डे आधी कापून, रेघ दाबून, घडी घालून ठेवा. मग एकाच बैठकीत सगळ्यांचे एम्बॉसिंग आणि मग रोज तीन-चार कार्डांचे क्विलिंग. १४ जानेवारीपर्यंत पोहोचायचे, तर नवे वर्ष उजाडताच ती पेटीत पडलेली असावीत.

शेवटचा मुद्दा वजनाचा, कारण दिवाळीच्या दोन कार्डांवर जादा टपाल भरावे लागल्याचे तुम्ही लिहिले आहे. पोस्टात पत्राचे वजन २० ग्रॅमच्या टप्प्यांनी मोजतात. ए४ ताव हा एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणजे ३०० जीएसएमचा पूर्ण ताव पावणेएकोणीस ग्रॅम भरतो. अर्ध्या तावाचे कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत राहते, साध्या पाकिटाचे पाचएक ग्रॅम धरले तर सजावटीला पाचएक ग्रॅम उरतात. कागदी गुंडाळ्यांना ते पुरतात. तिळाची पुडी घातली की पुढच्या टप्प्याची तिकिटे लावावी लागतील. गुंडाळ्यांना पाच मिलिमीटरऐवजी तीन मिलिमीटरची पट्टी वापरा, त्या कमी चेपतात. तिकिटावर शिक्का जोरात बसतो आणि तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात असते, म्हणून कार्ड पाकिटात अशा बाजूने घाला की क्विलिंगचा दागिना त्या कोपऱ्यापासून दूर राहील. पहिले कार्ड तयार झाले की बाकीच्यांचे क्विलिंग हाती घेण्यापूर्वी ते स्वतःच्याच पत्त्यावर टाका, आणि परत हातात आल्यावर काय चेपले, काय सुटले ते पाहून उरलेल्या एकोणतीस कार्डांत तेवढा बदल करा.